विदर्भातील शिळावर्तुळे : अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कबरी काय सांगतात?

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपता संपता, जुनापाणी हे गाव लागते. गावालगतच्या मुरमाड माळरानावर काळे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. एक गोल, त्याच्या शेजारी दुसरा, थोड्या अंतरावर तिसरा. अशी शंभराहून अधिक वर्तुळे येथे नोंदवली गेली आहेत. दगडांवर लेख नाही, मूर्ती नाही. ही वर्तुळे म्हणजे लोहयुगातील माणसांच्या कबरी आहेत. पुरातत्त्वशास्त्रात त्यांना ‘शिळावर्तुळे’ म्हणतात. ती बांधणाऱ्या समाजाच्या संस्कृतीला महापाषाणीय किंवा बृहदश्मयुगीन संस्कृती असे नाव आहे.

महाराष्ट्रातील लेणी, किल्ले, मंदिरे यांची माहिती बहुतेकांना असते. त्यातल्या अनेक लेण्यांपेक्षाही जुनी असलेली ही वर्तुळे मात्र फारशी कोणाला ठाऊक नसतात. पूर्व विदर्भातील लोहयुगाबद्दल आज जे काही माहीत आहे, त्यातला मोठा भाग याच कबरींमधून आला आहे.

महापाषाण म्हणजे काय?

मोठमोठे दगड वापरून उभारलेल्या प्राचीन कबरी व स्मारके यांना जगभर ‘मेगॅलिथ’ म्हणतात. ‘मेगास’ म्हणजे मोठा आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड, या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले. मराठीत त्यासाठी महापाषाण, महाश्म आणि बृहदश्म हे शब्द रूढ आहेत.

या स्मारकांचे अनेक प्रकार आहेत. जमिनीत रोवलेली एकच उभी शिळा, उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेली खोली, जमिनीखाली शिळांची केलेली पेटी, दगडगोट्यांचा ढीग आणि त्याभोवतीचे वर्तुळ हे त्यांतले प्रमुख. विदर्भात शिळावर्तुळांचा प्रकार सर्वाधिक आढळतो. चंद्रपूर जिल्ह्यातील हिरापूर येथे छतावर मोठी शिळा असलेल्या दगडी खोल्याही आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागते. ‘महापाषाणीय’ हे नाव बांधकामाच्या पद्धतीवरून दिलेले आहे, एखाद्या वंशावरून किंवा एकाच काळावरून नव्हे. इंग्लंड, स्वीडन, कर्नाटक आणि विदर्भ येथे मोठे दगड वापरून कबरी बांधल्या गेल्या, म्हणून तेथील लोक एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत. युरोपातील अशी बहुतेक बांधकामे विदर्भातील वर्तुळांपेक्षा दोन-तीन हजार वर्षांनी जुनी आहेत.

वर्तुळ कसे बांधले जाई?

विदर्भातील वर्तुळांचा व्यास काही मीटरपासून वीस मीटरच्या पुढेपर्यंत असतो. कडेला न घडवलेले, नैसर्गिक आकाराचे मोठे दगड एकमेकांना लावून मांडलेले असतात. नागपूरच्या पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सहज मिळतो आणि बहुतेक वर्तुळांत तोच वापरलेला आहे.

हे काम किती मेहनतीचे होते याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा बेसॉल्टचा दगड साधारण सातशे किलो भरतो. एका मोठ्या वर्तुळाला असे अनेक दगड लागत. ते शोधायचे, ओढत आणायचे आणि गोलात बसवायचे. हे काम एका घराच्या आवाक्यातले नव्हते. त्यासाठी गावातली बरीच माणसे एकत्र यावी लागत.

उत्खननातून बांधणीचा क्रमही कळतो. मधल्या जागेत खड्डा घेत किंवा जमीन साफ करून सपाट करत. तेथे अस्थी आणि सोबतच्या वस्तू ठेवत. त्यावर माती पसरत, पुष्कळदा बाहेरून आणलेली चिकणमाती. वर गोटे आणि दगडांचा थर रचत. भोवती मोठ्या दगडांचे कडे असे. वरून पाहिले तर मध्ये किंचित उंचवटा आणि भोवती दगडांचा गोल असे त्याचे रूप दिसते.

अनेक वर्तुळांत पूर्ण सांगाडा मिळत नाही. मृतदेह आधी दुसरीकडे ठेवून किंवा पुरून, नंतर निवडक हाडे गोळा करून येथे आणलेली दिसतात. एकाच वर्तुळात एकापेक्षा अधिक व्यक्तींची हाडे असू शकतात. याचा अर्थ मृत्यू आणि वर्तुळाची बांधणी यांच्यामध्ये काही काळ जात असावा. एवढे दगड आणि एवढी माणसे जमवायला तो वेळ उपयोगी पडत असेल.

आत काय सापडते?

सर्वांत जास्त सापडतात ती मातीची भांडी. त्यांत ‘काळी-आणि-तांबडी’ या नावाने ओळखली जाणारी भांडी ठळक आहेत. ती आतून आणि काठाजवळ काळी, तर बाहेरून खालच्या भागात तांबडी असतात. भट्टीत भांडे उपडे ठेवले की काठाला आणि आतल्या बाजूला हवा कमी मिळते. तो भाग काळा पडतो आणि उरलेला तांबडा भाजला जातो.

दुसरा मोठा गट लोखंडी वस्तूंचा आहे. कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले, बाणांची टोके, कट्यारी, पळ्या, नखे काढण्याची साधने आणि बांगड्या अशी विविधता त्यांत दिसते. काही कुऱ्हाडींना दांडा घट्ट बसावा म्हणून लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या आवळलेल्या आहेत. माहुरझरी येथे लोखंडी पाते आणि तांब्याची मूठ असलेली कट्यारही मिळाली.

तांब्याची भांडी, झाकणे, घंटा, कार्नेलियन व अकीक या दगडांचे मणी आणि क्वचित सोन्याचे दागिने हेही कबरींमधून मिळाले आहेत. माहुरझरी हे नंतरच्या काळातही मणी बनवण्याचे नावाजलेले केंद्र राहिले.

सर्व वर्तुळांत सारख्या वस्तू नसतात. काहींत शस्त्रे आणि दागिने भरपूर, तर काहींत चार भांडी एवढेच. समाजात प्रतिष्ठेचे किंवा संपत्तीचे भेद होते, हे यावरून स्पष्ट होते. शिवाय मरणारा प्रत्येक माणूस वर्तुळात पुरला जात असे, असेही समजता येत नाही. वर्तुळांची संख्या मोठी वाटली तरी ती शतकानुशतकांच्या काळात विभागली तर पिढीमागे थोडीच येतात. कोणाला दगडांचे कडे मिळावे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याची काही रीत असली पाहिजे.

शोधाचा इतिहास

या वर्तुळांची पद्धतशीर दखल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घेतली गेली. नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे भूगर्भशास्त्राचे जाणकार होते आणि त्यांना या वर्तुळांबद्दल कुतूहल होते. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत ते नागपूरच्या दक्षिणेकडील टाकळघाट येथील वर्तुळे पाहायला गेले. परतताना बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यानंतर १८६७ च्या सुमारास जे. एच. रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उघडली. कापूस खात्याचे आयुक्त म्हणून त्यांचे या भागात फिरणे होत असे. ब्रिटनमध्येही दगडांची वर्तुळे आहेत, त्यामुळे दोन्हींतील सारखेपणाने ते प्रभावित झाले. त्यांना मिळालेल्या वस्तूंपैकी काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या काळचे उत्खनन आजच्यासारखे नव्हते. वस्तू बाहेर काढणे हा मुख्य हेतू असे. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या हाडाशेजारी होती याची नोंद तुटपुंजी राहिली.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे उत्खनन केले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७०-७२ मध्ये माहुरझरी येथे काम केले. नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने भागीमाहरी, रायपूर, खैरवाडा अशा ठिकाणी काम चालू ठेवले. रायपूरचे उत्खनन गो. बं. देगलूरकर आणि गौरी लाड यांनी केले. माहुरझरीकडे २००१ नंतर आर. के. मोहंती पुन्हा वळले.

टाकळघाट आणि नायकुंड येथील कोळशाच्या किरणोत्सर्गी कार्बन कालमापनातून इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आसपासचा काळ मिळाला. संपूर्ण संस्कृतीचा विस्तार इ. स. पू. पहिल्या सहस्रकात, ढोबळमानाने इ. स. पू. ८०० ते ४०० या दरम्यान धरला जातो. म्हणजे गौतम बुद्धाचा काळ आणि या वर्तुळांचा काळ काही अंशी एकच आहे.

घोड्याचे स्थान

विदर्भातील कबरींचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे घोडा. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, भागीमाहरी, रायपूर अशा अनेक ठिकाणी माणसाच्या कबरीत घोड्याची हाडे मिळाली आहेत. सोबत लगामाची लोखंडी कडियाळी, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारी दांडी, आणि घोड्याच्या डोक्यावर व तोंडावर घालायची तांब्याच्या पत्र्याची आभूषणेही सापडली. माहुरझरीचे असे मुखाभरण विशेष प्रसिद्ध आहे.

माहुरझरीच्या काही घोड्यांच्या हाडांवर धारदार हत्याराच्या खुणा आहेत. त्यावरून मालकाच्या अंत्यविधीत घोडा मारून पुरला जात असावा, असे संशोधकांचे मत आहे. घोडा हा विदर्भातला मूळचा प्राणी नाही. तो बाहेरून आणावा लागे, किंवा मुद्दाम जोपासून वाढवावा लागे. असे मौल्यवान जनावर मृतासोबत मातीत घालणे म्हणजे त्या माणसाचा मान सर्वांसमोर मांडणे होते.

भटके पशुपालक की स्थिर शेतकरी?

या संस्कृतीबद्दलचा सर्वांत मोठा वाद येथेच सुरू होतो. कबरी शेकडोंनी सापडतात, पण या लोकांची घरे कोठे आहेत?

एकोणिसाव्या शतकात स्थानिक लोक या वर्तुळांचा संबंध गवळ्यांशी जोडत. पूर्वी गवळ्यांचे तळ येथे पडत, त्यांचेच हे दगड, अशी समजूत होती. पुढे पाश्चात्त्य संशोधक लॉरेन्स लेश्निक यांनी १९७० च्या दशकात काहीसा याच दिशेने जाणारा सिद्धान्त मांडला. घोडे आणि शस्त्रे यांचे प्रमाण मोठे, वसाहती जवळपास नाहीत, तेव्हा हे लोक घोडेस्वार भटके पशुपालक असावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

उत्खननांनी मात्र वेगळे पुरावे पुढे आणले. टाकळघाट येथे वस्ती आणि जवळच खापा येथे दफनभूमी अशी जोडी मिळाली. पेंच नदीकाठच्या नायकुंडला कबरींपासून थोड्या अंतरावर वसाहतीचे थर सापडले. तेथे लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. मातीच्या वक्र विटांची ही छोटी गोल भट्टी होती. भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी तिच्या परिसरात होती. कबरींतल्या कुऱ्हाडी आणि भाले बाहेरून विकत आणलेले नव्हते, निदान काही लोखंड येथेच गाळले जात होते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

नायकुंड आणि भागीमाहरीच्या वस्त्यांतून जळालेले धान्यही मिळाले. त्यांत भात, गहू, जव, मसूर, वाटाणा यांचा समावेश आहे. हिवाळ्यातली आणि पावसाळ्यातली अशी दोन्ही पिके येथे होती. वर्षाचे दोन हंगाम शेतात घालवणारा समाज कायमचा भटका असू शकत नाही.

आज बहुतेक अभ्यासक मधला मार्ग धरतात. शेती, गुरेपालन, लोहारकाम आणि मण्यांचा व्यवसाय हे सारे या समाजात होते. काही कुटुंबे वर्षाचा काही काळ जनावरे घेऊन फिरतही असतील. वस्त्या कमी सापडण्याचे एक कारण साधे आहे. कुडामेणाची आणि मातीची घरे अडीच हजार वर्षांत शेतात विरून जातात, किंवा आजच्या गावांखाली दबतात. दगडांचे वर्तुळ मात्र टिकते. नागपूर जिल्ह्यातील अडम आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे लोहयुगीन वस्तीवर पुढच्या काळातील नगरे उभी राहिल्याचे दिसते.

या वादातून एक धडा मिळतो. केवळ कबरी पाहून समाजाचे चित्र काढले तर ते घोडा आणि भाल्याचे निघते. कबरीत काय ठेवायचे हे जिवंत माणसे निवडतात. त्यांनी घोडा ठेवला, नांगर ठेवला नाही.

दगडांवरचे खळगे

जुनापाणीच्या काही वर्तुळांतील दगडांवर वाटीएवढे छोटे गोल खळगे कोरलेले आहेत. ते ओळीत किंवा फुलीच्या आकारात मांडलेले असतात. रिव्हेट-कार्नाक यांनी त्यांची नोंद केली आणि ब्रिटनमधील दगडांवरच्या अशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली.

अलीकडे या दगडांच्या दिशांचा खगोलशास्त्राच्या अंगानेही अभ्यास झाला आहे. खळगे असलेले दगड वर्तुळाच्या परिघावर कोठेही नसून ठरावीक दिशांना येतात का, हे अभ्यासकांनी मोजमापे घेऊन तपासले. दिशांचा संबंध सूर्य किंवा ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याशी असू शकतो, ही शक्यता त्यातून पुढे आली. ही शक्यता तपासायची असेल तर एक अट आहे. दगड मूळ जागी असायला हवा. एखाद्याने तो सरळ करून ठेवला, बांधाला नेला किंवा चार हात सरकवला, तर ती दिशा कायमची हरवते.

स्वीडन-डेन्मार्कच्या कबरी आणि विदर्भ

महापाषाणीय कबरींचा अभ्यास कोठवर जाऊ शकतो हे पाहायचे तर उत्तर युरोपाकडे पाहावे लागते. स्वीडनच्या फाल्ब्युग्देन भागात अडीचशेच्या आसपास ‘मार्गकबरी’ आहेत. फाल्शोपिंग शहराजवळच्या कार्लेब्यू गावात तर त्या रांगेने उभ्या आहेत. डेन्मार्कमध्येही अशा अनेक कबरी असून तेथे त्यांना ‘महाकाय राक्षसांची खोली’ अशा अर्थाचे नाव आहे. दक्षिण भारतातही काही महापाषाणीय कबरींना पांडवांचे नाव जोडले गेले आहे. एवढे मोठे दगड साध्या माणसांनी उचलले यावर नंतरच्या पिढ्यांचा विश्वास बसत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

स्कँडिनेव्हियातील मार्गकबरी इ. स. पू. ३३०० ते ३००० च्या दरम्यान, नवाश्मयुगात बांधल्या गेल्या. तेव्हा तेथे लोखंड तर दूरच, कांस्यही नव्हते. उभ्या शिळांची खोली, वर प्रचंड छतशिळा, त्यावर मातीचा उंचवटा आणि खोलीत जाण्यासाठी दगडांनी बांधलेला बोगद्यासारखा मार्ग अशी त्यांची रचना असते.

विदर्भातील वर्तुळ आणि ही कबर यांतला महत्त्वाचा फरक त्या मार्गात आहे. मार्ग असल्यामुळे कबर पुन्हा उघडता येई. पिढ्यान्‌पिढ्या नवे मृतदेह आत नेले जात आणि जुनी हाडे बाजूला सारली जात. ती सामूहिक कबर होती. विदर्भातील वर्तुळात आत जायला वाट नाही. वस्तू ठेवल्या, माती आणि गोटे टाकले की विधी संपला. भारतात याच्या जवळ जाणारा प्रकार कर्नाटकातील ब्रह्मगिरीसारख्या ठिकाणी दिसतो. तेथील दगडी पेट्यांच्या एका शिळेला गोल भोक ठेवलेले असते.

स्वीडनच्या फ्रेल्सेगार्डन येथील मार्गकबरीतील हाडांनी अलीकडे मोठी बातमी दिली. २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वीडन व डेन्मार्कमधील नऊ कबरींतील १०८ व्यक्तींच्या जनुकद्रव्याची त्यात तपासणी होती. त्यातून एका कुटुंबाची सहा पिढ्यांची वंशावळ मांडता आली. पुरुष आपल्या कुळाच्या कबरीत राहत आणि स्त्रिया बाहेरून येत, असे दिसले. तपासलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के व्यक्तींमध्ये प्लेगच्या जंतूचे अंश सापडले. फ्रेल्सेगार्डनचे उत्खनन १९९९ ते २००१ मध्ये झाले होते. उत्खनन करणाऱ्यांनी हाडे जागेच्या नोंदीसह जपून ठेवली, म्हणून वीस वर्षांनी निघालेल्या पद्धतीला त्यांच्याकडून उत्तर मिळाले.

विदर्भात हे सोपे नाही. उष्ण हवामानात हाडांतील जनुकद्रव्य लवकर नष्ट होते. हरियाणातील राखीगढी येथील साठहून अधिक नमुने तपासल्यावर अभ्यासाला पुरेसे जनुकद्रव्य एकाच स्त्रीच्या अवशेषांत मिळाले होते. ते सिंधू संस्कृतीचे स्थळ आहे, पण अडचण तीच. म्हणूनच विदर्भातील न उघडलेल्या वर्तुळांचे मोल वाढते. आज जे मिळत नाही ते पुढच्या पिढीच्या साधनांना मिळू शकेल. माती, परागकण, भांड्यांना चिकटलेले अन्नाचे अंश, घोड्याचे दात या साऱ्यांतून नवी माहिती निघू शकते. उत्खननात वर्तुळ नष्ट होते. ते एकदाच वाचता येते.

सध्याची स्थिती आणि धोके

जुनापाणीसह नागपूर जिल्ह्यातील अनेक गावांची शिळावर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम व खाणकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

यादीबाहेरच्या वर्तुळांना असे कवच नाही. शेत साफ करताना दगड बांधावर जातात. माळरान पडीक समजून तेथील मुरूम काढला जातो. शहर वाढले की माळावर प्लॉट पडतात. गुप्तधनाच्या लोभाने मधोमध खड्डा घेणारेही असतात. त्यांच्या हाती बहुधा खापरे आणि गंजलेले लोखंड लागते. सोने सापडते ते अगदी थोड्या कबरींत आणि अगदी थोडे. त्या खड्ड्यात हाडांची मांडणी मात्र पार विस्कटून जाते.

मंदिर किंवा किल्ला पडला तर तो पडला हे दिसते. शिळावर्तुळाचे तसे नसते. दहा दगडांतले चार गेले की उरलेले सहा साध्या दगडांसारखे दिसू लागतात. पुढच्या माणसाला तेथे काही होते हेच कळत नाही. त्यामुळे गावातल्या माणसांनी वर्तुळ ओळखणे हेच त्याचे पहिले संरक्षण ठरते.

वर्तुळ कसे ओळखावे?

माळावर सारख्या आकाराचे मोठे दगड गोलात आणि एकमेकांजवळ असतील, मधला भाग भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असेल आणि त्यावर गोटे पसरलेले असतील, तर ते शिळावर्तुळ असण्याची शक्यता मोठी. ही वर्तुळे बहुधा एकेकटी नसतात, त्यामुळे आसपास आणखी शोधावीत. ती शेतीच्या काळ्या जमिनीपेक्षा उंचावरच्या मुरमाड माळावर अधिक दिसतात. त्या काळच्या लोकांनीही पिकाची जमीन जिवंतांसाठी आणि माळ मृतांसाठी ठेवला असावा.

दगड हलवू नयेत, खापरे उचलू नयेत, खळग्यांत रंग किंवा खडू भरू नये. ठिकाणाचे छायाचित्र आणि मोबाइलवरचे स्थाननिर्देशांक घेऊन ते नागपूर येथील पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवता येतात.

थोडक्यात

– पूर्व विदर्भातील शिळावर्तुळे ही लोहयुगातील, ढोबळमानाने इ. स. पू. ८०० ते ४०० या काळातील कबरी आहेत.
– जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमाहरी, रायपूर ही त्यांची प्रमुख स्थळे होत.
– काळी-आणि-तांबडी भांडी, लोखंडी अवजारे, तांब्याच्या वस्तू, मणी आणि घोड्याची हाडे ही त्यांची ओळख आहे.
– नायकुंडची भट्टी आणि वस्त्यांतील धान्य यांमुळे हे लोक केवळ भटके नव्हते, हे स्पष्ट झाले.
– युरोपातील महापाषाणीय कबरींशी त्यांचे साम्य बांधकामापुरते आहे. काळ आणि समाज वेगळे आहेत.
– न उघडलेले, दगड मूळ जागी असलेले वर्तुळ हाच यापुढच्या संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.